आधी बुश, मग रॉड

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात चिखल्याच्या भूमिगत खाणीतून आणि डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून काळंभोर मँगनीज निघतं. भंडारा रोड स्थानकाजवळ वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. १९८४ साली स्थापन झालेली ही कंपनी मोटारउद्योगाला लागणारी मिश्रपोलादं बनवते, त्यात स्प्रिंगचं पोलादही आलं. गडेगावला अशोक लेलँडचे गिअरबॉक्स तयार होतात. धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा देशातल्या चाकांना असं बरंच काही पुरवतो. तरी आपल्याच गाडीच्या पोटाखाली आपण सहसा वाकून बघत नाही. तिथं एक वाकवलेला पोलादी दांडा असतो आणि त्याच्या आसपास मूठमूठभर रबराचे तुकडे असतात. गाडी वळणावर विश्वासानं वळते की घाबरवते, हे बरंचसं या दोघांवर ठरतं.

दांड्याचं पुस्तकी नाव अँटी-रोल बार किंवा स्वे बार. गॅरेजात त्याला बॅलन्स रॉड म्हणतात. रबराचे तुकडे म्हणजे बुश.

साकोली-लाखनीच्या पट्ट्यात शंकरपट, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला या रॉडची गरज पटकन समजेल. पटाची गाडी हलकी, वेगवान आणि सरळ धावणारी. तिला दाणीवरून, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवरून, नाकासमोर जायचं असतं. मोटारीला मात्र वेगात वळावं लागतं, आणि वळताना तिचं धड बाहेरच्या बाजूला झुकतं. बाहेरची स्प्रिंग दबते, आतली मोकळी होते. हे झुकणं आवरायचं, पण सरळ रस्त्यावरचा मऊपणा घालवायचा नाही, अशी ही दुहेरी मागणी आहे.

बॅलन्स रॉड ती फार साध्या युक्तीनं पुरी करतो. इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या या दांड्याचा मधला भाग दोन डी-बुशांमध्ये गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन्ही टोकं लिंक रॉडनं डाव्या-उजव्या चाकांच्या जोडणीला बांधलेली असतात. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली, तर दांडा बुशात नुसता फिरतो आणि काहीच करत नाही. वळणावर एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की त्याला पीळ बसतो. पीळ सोडवण्याच्या धडपडीत तो दबलेली बाजू उचलतो आणि उठलेली बाजू खाली ओढतो. या कल्पनेचं पहिलं पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमनला २२ एप्रिल १९१९ रोजी मिळालं.

आयुष्यभर पीळ सोसून पुन्हा सरळ होणारं पोलाद साधं असून चालत नाही. या कामासाठी प्रचलित असलेल्या एका जातीत कार्बन सुमारे ०.५५ टक्के आणि मँगनीज व क्रोमियम प्रत्येकी ०.८ टक्क्यांच्या आसपास असतं. पोलाद तापवून तेलात विझवलं की त्याचा कडकपणा नुसता सालीवर न राहता गाभ्यापर्यंत उतरावा लागतो. मँगनीज ते काम सोपं करतं. चिखल्याच्या ढेकळाचं आणि वळणावरच्या गाडीचं नातं इथं जुळतं.

हा दांडा जागेवर नसला तर काय होतं, याची गाजलेली कहाणी अमेरिकेतली आहे. शेव्हरोलेची कॉर्व्हेअर १९६० च्या मॉडेलवर्षासाठी आली. इंजिन मागे, मागची चाकं झुलत्या आसांवर, आणि पुढचा अँटी-रोल बार मात्र गाळलेला. त्याची भरपाई पुढच्या टायरांत हवा कमी ठेवून करायची होती, पण ते किती चालक पाळणार? १९६४ च्या मॉडेलला पुढचा बार कारखान्यातूनच बसून आला. १९६५ साली राल्फ नेडर यांनी वाहनसुरक्षेवरच्या आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गाडीवर लिहिलं. पुढे १९७२ च्या सरकारी अभ्यासात ती समकालीन गाड्यांहून वाईट ठरली नाही, हेही सांगायला हवं. पण वाहनसुरक्षेच्या इतक्या मोठ्या वादाच्या मुळाशी एक स्वस्त दांडा होता, हे विसरता येत नाही.

आता आपल्या मातीतल्या गाडीकडे येऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. २००४ साली तिची आरएस आवृत्ती भारतात आली: १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० हॉर्सपॉवर, चार दारं आणि कुटुंबाचं सामान मावेल अशी डिकी. वेगाची हौस आणि घरची जबाबदारी एकाच गाडीत हवी असणाऱ्यांनी तिच्यावर मनापासून जीव लावला. आज त्या गाड्यांना वीस वर्षं झाली. इंजिन चांगलं ठेवलं असेल तर अजून गुरगुरतं. रबराचं वय मात्र लपत नाही.

भंडाऱ्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. त्यानंतर रोवणीच्या दिवसांतला चिखल येतो. तापून, भिजून, वर्षानुवर्षं पीळ खाऊन रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. इंजिनाचं तेल गळत असेल तर रबर फुगून मऊ पडतं. पहिली खूण कानाला मिळते. लहान खड्ड्यावर येणारी हलकी ‘ठक’ बहुधा लिंक रॉडची किंवा डी-बुशची असते. दुसरी खूण हाताला मिळते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला सरकतं, कारण चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असतो आणि चाक आपली जागा सोडून मागे जातं. तिसरी खूण टायरवर दिसते. अलाइनमेंट नुकतीच केलेली असूनही कडा झिजत राहते. सांधाच हलतो आहे, तर कोन टिकणार कसा?

म्हणून जाड रॉड मागवण्याआधी बुश बघावेत. जुन्या फाटक्या बुशांवर नवा जाड रॉड बसवणं म्हणजे कुजलेल्या चौकटीला सागवानी दार लावणं आहे. रॉडचा जोर चाकापर्यंत पोचण्याआधीच रबरात विरून जातो. वीस वर्षांच्या ऑक्टाव्हियाला नुसते नवे मूळ बुश, नवे लिंक रॉड आणि चांगले शॉकअप बसवले, तर अनेक मालकांना पुढे काही करायची गरजच वाटणार नाही.

त्यापुढे जायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली वाट जास्त भरीव रबराची. ऑक्टाव्हियाच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशात पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे रस्त्याचे हिसके आत येत नाहीत. त्याच घडणीवर उभ्या असलेल्या पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीचा भरीव बुश तिथं बसतो. स्टिअरिंग चटकन जागं होतं आणि आराम फारसा जात नाही. दुसरी वाट पॉलियुरेथेनची. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला हा पदार्थ रबरापेक्षा बराच कडक असतो आणि तेलाला दाद देत नाही. पण महामार्गाच्या काँक्रीटचा प्रत्येक सांधा तो बुडाखाली मोजून दाखवतो. योग्य ग्रीस नसेल तर कुईकुई करतो. डी-बुशासारख्या एकाच दिशेनं फिरणाऱ्या जागी तो शोभतो. जिथं सांध्याला एकाच वेळी फिरावं, कलावं आणि मुरडावं लागतं, तिथं मात्र तो अडून बसतो. तिथं रबरच बरं.

मग रॉड. दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २२ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरचा दांडा घेतला तर डोळ्याला फरक जेमतेम दिसतो, पण पीळ द्यायला सुमारे ६७ टक्के जास्त जोर लागतो. याच नियमामुळे दांडा पोकळही चालतो. आत अर्ध्या व्यासाचं भोक ठेवलं तर वजन पाव हिश्शानं घटतं आणि ताठपणा फक्त सहा टक्क्यांनी.

कोणत्या टोकाला किती ताठपणा द्यायचा, हा खरा प्रश्न. टायरवर वजन दुप्पट आलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या टोकाचा रॉड जाड, त्या टोकाचा बाहेरचा टायर जास्त लादला जातो आणि ते टोक आधी पकड सोडतं. ऑक्टाव्हियासारखी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी वेगात नाक बाहेर काढते. तिच्यात पुढे जाड रॉड घातला तर तो दोष वाढतो. मागे घातला तर पुढच्या टायरांना उसंत मिळते आणि नाक वळणात शिरतं. या गाडीत मागे दोन चाकांना जोडणारी तुळई स्वतःच पिळली जाते आणि रॉडचं थोडं काम करते. जादा बार त्या तुळईलाच बोल्टनं जखडतात.

पण कोका-नागझिऱ्याच्या जंगलातल्या ओल्या रस्त्यावर, श्रावणातल्या पावसात, वळणाच्या मध्यावर घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, तर मागे फार ताठ केलेल्या गाडीची शेपटी फिरू शकते. सोबत घरची माणसं असतात. शिवाय जाड रॉड एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही देतो आणि गावाकडच्या उखडलेल्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी डोकं हलवत चालते. म्हणून पहिली पायरी लहान घ्यावी. रॉडच्या टोकाला दोन-तीन भोकं असतील तर सर्वांत मऊ भोकापासून सुरुवात करावी, एका वेळी एकच बदल करावा आणि ओळखीच्या रस्त्यावर, ओळखीच्या वेगात तो पारखावा. मूळ रचनेपेक्षा वेगळा भाग बसवला की विमा कंपनीला कळवावं.

शेवटची गोष्ट घाईत नेहमी सुटते. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेला असतो. तो घसरत नाही, पिळला जातो. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताक्षणी नवाकोरा बुश पिळलेला असतो आणि पुढचा प्रत्येक किलोमीटर त्याच पिळात काढतो. काही महिन्यांत तो फाटतो आणि दोष कंपनीवर जातो. म्हणून चारही चाकांवर गाडीचं पूर्ण वजन येऊ द्यावं, बोनेट दाबून तिला दोनदा हलवून स्थिर होऊ द्यावं, आणि ती रोज उभी राहते तशी उभी राहिली की मगच खाली शिरून पान्याचा शेवटचा वळसा द्यावा. गॅरेजात हे काम सुरू असताना शेजारी उभं राहावं. दहा मिनिटं जास्त लागतात, आणि बुश वर्षानुवर्षं टिकतो.