टेलचा उमेदवार

ग्रामपंचायत, सोसायटी, साखर कारखाना यांच्या निवडणुका आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतात. पाणी वापर संस्थेची निवडणूक मात्र गावातल्या निम्म्या लोकांच्या कानावरही जात नाही. रहिमतपूरच्या शिवारात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे, ती नेमकी चारीच्या शेवटाला. शेजाऱ्यांनी आग्रह केला आणि साठी उलटल्यावर मी संचालकपदासाठी अर्ज भरला.

प्रचाराला निघालो तेव्हा ध्यानात आले, की या निवडणुकीत जादा पाण्याचे आश्वासन देताच येत नाही! २००५ साली राज्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा केला. त्याप्रमाणे संस्थेला पाणी मिळते ते कोट्यानुसार, घनमीटरमध्ये मोजून. धरणातच कमी असेल तर कोटाही कमी. त्या कोट्यात पीक कोणते घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पट्टी संस्थेने गोळा करून सरकारात भरावी.

कायदा करणाऱ्याने चारी हिंडून पाहिली असावी. संचालक निवडायचे ते शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांतून सारख्या संख्येने. पुच्छ म्हणजे आमचे टेल. वरच्याचा ऊस दोनदा भिजतो, तेव्हा टेलच्या पाटात बेडूकही ओरडत नाही, हा सगळीकडचा अनुभव.

मग उमेदवाराने सांगायचे तरी काय? मी सांगत होतो हिशेब. एक क्यूसेक पाणी तासभर वाहिले, की सुमारे एक लाख लिटर होते. चारीच्या तोंडाशी किती आले आणि कोणाच्या रानात किती तास गेले, हे रोज फळ्यावर लिहायचे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

एका म्हातारीने विचारले, "साहेब, आकड्यानं ऊस भिजतोय व्हय?"

मी तिला वाघाडची हकिकत सांगितली. दिंडोरी तालुक्यातल्या त्या धरणावर १९९१ साली पहिल्या तीन संस्था निघाल्या, त्या टेलच्याच शेतकऱ्यांच्या. ओझरच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यांना एकत्र आणले. पुढे संस्था चोवीस झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. तिथे टेलला पाणी पोचले ते मोजल्यामुळे. जे मोजलेले नसते, त्याबद्दल भांडायचे तरी कशाच्या जोरावर?

म्हातारीने ऐकून घेतले. मत कोणाला दिले, देव जाणे.

मी पडलो. निवडून आलेला तरुण रात्री-अपरात्री स्वतः दारे धरतो. मतदारांची निवड चोख होती. पहिल्याच आवर्तनाला त्याने देवळाच्या भिंतीवर फळा टांगला. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा त्यावरची बेरीज तपासतो. परवा ती म्हातारीही तिथे उभी होती, आपल्या गटासमोरचे तास नातवाकडून वाचून घेत.