सीपीयू थंडगार, खोली मात्र भट्टी

ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरायला आलेल्याला स्क्रीन दिसतो. टेबलाखाली काय चाललंय, ते आम्हा दुरुस्तीवाल्यांनाच कळतं.

बिडकीनला पैठण रस्त्यालगतच्या एका सेंटरवर मे महिन्यात रोजची तक्रार होती, दुपार झाली की मशीन रेंगाळतं. गिऱ्हाइकांना उत्तर ठरलेलं, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ सर्व्हर ठणठणीत होता. सीपीयूचं झाकण काढलं, तर प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत रस्त्याची धूळ आणि कापसाचे तंतू गादीसारखे दाटून बसलेले. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. ब्लोअर मारला, नवी थर्मल पेस्ट लावली आणि मशीन पळू लागलं.

मालकांनी मग हौसेनं प्रत्येक सीपीयूला जादा फॅन बसवून घेतला. थोड्याच दिवसांत फोन आला, “भाऊ, सीपीयू थंडगार झाले, पण खोलीत बसवत नाही!”

तक्रार खरी होती. फॅन उष्णता संपवत नाही, सीपीयूतली काढून खोलीत टाकतो. संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. मॉनिटरसकट एक मशीन 150 वॉटचं धरलं, तर दहा मशीन म्हणजे दीड हजार वॉटचा हीटर. शिवाय आता ती पूर्ण वेगानं चालत असल्यानं वीजही जास्त ओढत होती. त्यात धूळ येते म्हणून खिडक्या बंद.

उपाय म्हणून त्यांनी कूलर आणला आणि त्याच बंद खोलीत ठेवला. हवा दमट झाली, कागद सर्दावले, प्रिंटरमध्ये अडकू लागले. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण त्याला बाहेरची हवा लागते आणि आतली निघून जायला वाट लागते. आम्ही कूलर खिडकीत बसवला, समोरच्या भिंतीवर छताजवळ एक्झॉस्ट फॅन लावला. त्यानंतर दुपारीही काम सुरळीत होऊ लागलं.

उष्णतेला बाहेर वाट हवी, हा नियम मोठ्या यंत्रांनाही लागू. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत 2019 साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात प्रोसेसरपर्यंत नळीनं पाणी नेलं आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. तरी ते पाणी शेवटी कुठेतरी थंड करावंच लागतं.

29 सप्टेंबर 2024 रोजी बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. कारखान्यांसोबत इथे सर्व्हर रूमही उभ्या राहतील. त्या बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एसी किती टनाचा, हे ठरवण्याआधी मशीनची एकूण वॉट मोजा. एक टनाचा एसी साधारण 3,500 वॉट उष्णता बाहेर काढतो. आणि ती बाहेर कुठून जाणार, हे भिंत बांधतानाच नक्की करा.