परिषदा पुष्कळ, पाहणी थोडी

१९८४ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात प्रा. नरेंद्र वागळे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राची संस्कृती व समाज या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतासारख्या खंडप्राय देशातील एकच प्रदेश अभ्यासाचा स्वतंत्र विषय मानावा आणि त्यासाठी निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांनी एकत्र यावे, ही घटना तशी नवलाचीच. पुढे ही परिषद देशोदेशी भरत राहिली. १९९५ साली मॉस्कोत ती भरली, तेव्हा चर्चेचा विषय होता मराठी माणसाचे घर! त्या निबंधांचा संग्रह तीन वर्षांनी ग्रंथरूपाने बाहेर आला. धर्म, शहर आणि खेडे, स्त्रीच्या प्रतिमा अशा विषयांवरील ग्रंथही याच परंपरेतून मिळाले आहेत.

या परिषदांना वजन आले ते व्यासपीठामुळे नव्हे. त्या परिवारातील अभ्यासकांनी आधी काय केले होते, हे पाहिले पाहिजे. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर वर्षानुवर्षे हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावर १९७६ साली जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावरील प्रबंध १९६९ साली अमेरिकेत पूर्ण केला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला. अशा माणसांनी दोन-तीन दिवस एकत्र बसणे म्हणजे रास झाल्यावर खळ्यावर जमणे होय.

आपल्याकडे मात्र पेरणीआधीच खळ्याचे निमंत्रण निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. चर्चासत्रात निबंध वाचला की गुण, तो क्रमांकित पुस्तकात छापला की आणखी गुण. मग तालुक्याच्या ठिकाणीही राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांचे पीक आले. २०१८ साली नियम बदलले, पण लागलेली सवय सुटली नाही. उद्घाटक उशिरा येतात, शाल-श्रीफळात दुपार होते, आणि साठ-सत्तर निबंधांच्या वाट्याला प्रत्येकी पाच मिनिटे येतात. निबंध वाचून होताच वाचणारा प्रमाणपत्राच्या टेबलाकडे वळतो, कारण त्याला शेवटची एस. टी. गाठायची असते. त्याला हसण्यात अर्थ नाही. बढती ज्या कागदावर अवलंबून आहे, तो कागद मिळवणे हा त्याच्यापुरता शुद्ध व्यवहार आहे. दोष व्यवहार ठरवणाऱ्यांचा आहे.

सांस्कृतिक महोत्सवांची कथा थोडी निराळी. तेथे घोंगडी, पैठणी, मातीची भांडी विकली जातात, कारागिराच्या हाती चार पैसे पडतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे उत्पन्न क्षुल्लक मानता येणार नाही. परंतु वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज रंगमंचावर वीस मिनिटे येतात आणि दिवे मालवले की निघून जातात. त्यांना किती मानधन मिळाले, वर्षाचे उरलेले दिवस ते कशावर काढतात, त्यांची मुले कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली, हे विचारायला शेजारच्याच महाविद्यालयातून कोणी येत नाही. प्रदेशाचा उत्सव ज्यांच्या नावाने होतो त्यांचा प्रदेशाच्या अभ्यासाशी संबंध काय, हा प्रश्न नवा नव्हे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. शेतकरी-शूद्रांचे दुःख ज्यांच्या ग्रंथांत नाही त्यांच्याशी आपला मेळ बसायचा नाही, असा त्या पत्राचा रोख होता.

तो रोख परदेशी परिषदांनाही काही अंशी लागू पडतो. धनगरांवर, ऊस पिकवणाऱ्यांवर, दलित चळवळीवर जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग इंग्रजीत आहे. ज्याच्या दारात बसून माहिती घेतली, त्याच्या मुलाला ते पुस्तक वाचता येत नाही आणि त्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला ते परवडत नाही.

खरे तर महाविद्यालयीन शिक्षकांनी काय करावे, याचा धडा शंभर वर्षांपूर्वी पुण्यातच घातला गेला आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हे त्यांनी दाखवून दिले. जमिनीच्या तुकडेीकरणावर पुढे जी चर्चा झाली, तीत हे आकडे वारंवार आले. १९२१ साली जातेगाव बुद्रुकची पाहणी बाहेर पडली. या कामाची साधने कोणती? जुने दप्तर, मोजणी, कर्जाची विचारपूस आणि गावात पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि शेतांच्या जागी इमारती आहेत. जमीन विकून आलेला पैसा कोठे गेला, पूर्वीचे कूळ आज काय करते, हे प्रश्न अशा प्रत्येक गावात विचारण्याजोगे आहेत. एका महाविद्यालयाने एक गाव घ्यावे, तीन वर्षे तेथे जावे, विद्यार्थ्यांना घरोघर पाठवावे. दोन दिवसांच्या मंडपावर व भोजनावर जातो त्याहून याला फारसा जास्त खर्च येणार नाही. आयोगाने गुण द्यायचेच असतील तर या कामाला द्यावेत. अहवाल मराठीत लिहावा, गावकऱ्यांसमोर तो वाचावा, त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त कराव्यात आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. परिषद त्यानंतर भरवता येईल.