मानधन कुणी द्यायचं?

मार्चअखेर आली की ठाणे जिल्ह्यातल्या एका निवारागृहात सरकारी अनुदानाच्या उपयोगिता प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते. मी गेले तेव्हा हिशेब पाहणाऱ्या ताई व्हाऊचरं लावत बसल्या होत्या. किराणा एका हेडखाली, औषधं दुसऱ्या, भाडं तिसऱ्या. देहव्यापारातून सुटका झालेल्या बायका इथे राहतात. त्यांच्यासाठी केंद्राने 2007 साली ‘उज्ज्वला’ योजना आणली; आता ती ‘शक्ती सदन’मध्ये सामावली आहे. ‘उज्ज्वला’त खर्चाचे 60 टक्के केंद्र, 30 टक्के राज्य आणि 10 टक्के संस्था, अशी वाटणी असे. कागदावर दहा टक्के किरकोळ दिसत. हप्ता लांबला की सगळाच भार संस्थेवर येतो. म्हणजे खरं तर वाण्यावर, कारण उधारी त्याच्याकडे असते.

त्या दिवशी एका मुलीची साक्ष होती. सोबत समुपदेशक गेली. रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. दुपारी फोन आला, तारीख पडली. इकडे समुपदेशक बाहेर असल्यामुळे आणखी दोघींबरोबरची तिची ठरलेली बैठक रद्द झाली होती. त्यातली एक रात्री झोपत नाही, गोळ्यांचं प्रमाण बदलायचं होतं, त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचं होतं. कोर्ट, दवाखाना, आधार कार्ड, बँकेचं खातं, घरच्यांची चौकशी: प्रत्येक कामाचं कार्यालय वेगळं, आणि या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे ही एकच बाई. तिचं मानधन कधी वेळेवर होत नाही. वर्षभरात माणूस सोडून जातो, आणि नव्या ताईंपुढे मुलगी आपली कहाणी पहिल्यापासून सांगायला बसते. माझ्या मते या कामातली सगळ्यात महाग गोष्ट हीच, पण ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

भरपाईच्या तरतुदी आहेत. वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या योजनेत लैंगिक शोषणातून सुटलेल्या स्त्रीला 3 लाखांपर्यंत मदत आहे. पण तातडीची रक्कम वगळता बाकीचा पैसा आरोपीच्या शिक्षेशी बांधलेला. खटला रखडला की पैसाही रखडतो. निवारागृहात ठेवण्याच्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची मुदत मात्र संपते, आणि बाई रिकाम्या हाताने गावी जाते. तिथे कर्ज तसंच असतं, आणि कधीकधी दलालही.

त्या निवारागृहातल्या एका खोलीच्या कोपऱ्यात देणगीतून आलेली शिलाई मशिनं रांगेने उभी होती. शिकवणाऱ्या बाईंचं मानधन थांबल्याने वर्ग बंद. तेवढ्यात एका देणगीदाराचा फोन आला, आणखी एक मशीन द्यायचं होतं.

“दादा, मशीन आहेत. शिकवणाऱ्या बाईंचा सहा महिन्यांचा पगार द्याल का?”

पलीकडून विचारणा झाली, मग नावाची पाटी कुठे लावणार?

ताईंनी मशीन घेतो म्हणून सांगितलं. नाही म्हटलं तर पुढच्या दिवाळीला हा माणूस फोन उचलणार नाही, आणि दिवाळीचा किराणा त्याच्याकडूनच येतो.