गोल्फपटूची कंबर आणि वाढते वय

गोल्फमध्ये धावपळ नसल्याने तो निरुपद्रवी खेळ समजला जातो. तरीही कंबरदुखी ही गोल्फपटूंची नेहमीची तक्रार आहे. पूर्ण स्विंगमध्ये खांदे सुमारे ९० अंशांत वळतात. कमरेचे पाच मणके मात्र मिळून जेमतेम १०-१५ अंश फिरू शकतात. उरलेले वळण खुब्याच्या सांध्यांनी व छातीमागील मणक्यांनी पुरवायचे असते. ते आखडलेले असले, की सारा पीळ कमरेवर येतो.

या पिळाची इजा प्रत्येक वयात निराळी असते. शाळकरी खेळाडूंची हाडे पक्की झालेली नसतात. अतिसरावाने त्यांच्या मणक्याच्या मागील कमानीला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. मुलाची कंबर आठवड्यांमागून आठवडे दुखत असेल, तर 'लचक भरली असेल' म्हणून पालकांनी सोडून देऊ नये. वेळीच खेळ थांबवल्यास बहुधा विश्रांती व व्यायाम पुरेसे ठरतात.

तिशी-चाळिशीत मणक्यांमधील गादी झिजते. टायगर वूड्सवर २०१४ ते २०१७ या काळात पाठीच्या चार शस्त्रक्रिया झाल्या. चौथीत मणके जोडण्यात आले आणि २०१९ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली. ही कथा बहुधा इथेच संपवली जाते. त्यानंतरही त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया होतच राहिल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेली सातवी होती. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी सकाळी थेट जोरदार फटका मारणाऱ्या हौशी खेळाडूने त्याच्या विजयापेक्षा हा हिशेब लक्षात ठेवावा. आधी दहा मिनिटे चालणे, खुबे मोकळे करणे आणि हलके स्विंग एवढे तरी करायलाच हवे. गादीचे बहुतेक दुखणे शस्त्रक्रियेविना आटोक्यात येते.

साठीनंतर मणक्यांचे सांधे झिजतात, मज्जारज्जूची पोकळी अरुंद होते. चालताना पाय भरून येतात, बसल्यावर बरे वाटते. अशा वेळी स्विंग आखूड करावा, क्लब मागे नेताना पुढच्या पायाची टाच उचलू द्यावी. जॅक निकलॉस ऐन उमेदीतही ती उचलत असे. बॅग खांद्यावर न घेता ढकलगाडीवर ठेवावी. फटक्याचे अंतर घटते, खेळ मात्र सुटत नाही. १९९४ पासून पाठदुखी सोसणारा फ्रेड कपल्स २०२३ मध्ये ६३व्या वर्षी मास्टर्सच्या अंतिम दोन फेऱ्यांसाठी पात्र ठरला.

पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवीवरील ताबा जाणे, यांपैकी काहीही घडल्यास मात्र कोणत्याही वयात त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.