टायरची अडलेली कड हातानेच बसवा

सायकलच्या टायरच्या कडेत पोलादी तार किंवा केव्हलारचा धागा असतो. तो ताणला जात नाही, त्यामुळे शेवटचे वीतभर टायर रिमवर चढता चढत नाही. इथे जोरापेक्षा रिमची रचना जास्त कामाला येते.

माप जुळवा : टायरवर छापलेला व्यासाचा आकडा आणि रिमचा आकडा एकच हवा. ‘28 इंच’ नावाखाली 622 मिमी आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलींचे 635 मिमी अशी दोन्ही मापे विकली जातात.

खाचेचा फायदा घ्या : रिम मधोमध खोल असते. बसलेली कड सगळीकडून त्या खोलगट भागात दाबली, की अडलेल्या जागी ढील मिळते.

शेवट व्हॉल्व्हपाशी : व्हॉल्व्हमुळे तिथे कड खाचेत उतरत नाही. म्हणून सुरुवात समोरच्या बाजूने करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा.

तळहात वापरा : ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा ठेवा. कडेला साबणाचे पाणी लावा आणि तळहातांनी टायर पुढे लोटा. लोखंडी पट्टीने ट्यूब चिमटते आणि नवे पंक्चर होते.

रेघ तपासा : व्हॉल्व्ह आत ढकलून बाहेर ओढा, मग थोडी हवा भरा. टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. जिथे ती बुडाली असेल तिथे हवा सोडून कड पुन्हा बसवा. टायर आणि रिमच्या कमाल दाबांपैकी कमी आकडा कधीही ओलांडू नका.