नदीकाठची दोन शहरं: कामठी आणि केरो

'दोन देशांतल्या नदीकाठच्या शहरांचा तुलनात्मक अभ्यास' असा विषय सिनॉप्सिसमध्ये लिहायला सोपा आहे. पण समितीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हीच दोन शहरं का? 'दोन्ही नदीकाठी आहेत' हे उत्तर का पुरत नाही, ते आपण आपली कामठी आणि अमेरिकेतलं केरो घेऊन पाहू.

आधी ओळख

कामठी नागपूरपासून साधारण १६ किलोमीटरवर, कन्हानच्या काठी. पेंच आणि कोलार या नद्या जवळच कन्हानला मिळतात. इंग्रजांनी १८२१ मध्ये इथे लष्करी छावणी वसवली, मागोमाग मोठी बाजारपेठ उभी राहिली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कामठीचा व्यापार हळूहळू तिकडे सरकला. १८८१ नंतर लोकसंख्या घटत गेली आणि १९०१ मध्ये ३८,८८८ वर आली.

केरो इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो आणि मिसिसिपीच्या संगमावर आहे. स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचंच, उच्चार तेवढा वेगळा. यादवी युद्धात १८६१ मध्ये जनरल ग्रँटचा तळ इथे होता. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला. १९२० मध्ये लोकसंख्या १५,२०३ होती. २०२० मध्ये उरली १,७३३.

संगम, लष्कर, रेल्वे आणि मग उतरती कळा. अगदी जुळी भावंडं वाटतात ना? आता तीन प्रश्न विचारा.

१. नदी नेमकं काय काम करत होती?

केरोमध्ये नदी हाच रस्ता होता. आगबोटी धक्क्याला लागायच्या, पूल होण्याआधी रेल्वेचे डबेसुद्धा बोटीवर चढवून पलीकडे न्यावे लागत. कन्हानवर अशी बारमाही आगबोट वाहतूक नव्हती. कामठीला नदीने पाणी दिलं. माल मुख्यतः बैलगाड्यांनी, रस्त्याने यायचा. म्हणजे 'नदीकाठचं शहर' हा शब्द एकच असला तरी त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. कारण आणि परिणाम यांच्या तारखा जुळतात का?

'पूल झाला आणि केरो संपलं' असं म्हणणं सोपं आहे. पण पूल १८८९ चा आणि १९२० ची जनगणना त्यानंतर ३१ वर्षांनी आली. शहराच्या जनगणनांमधला सगळ्यात मोठा आकडा तिचाच आहे. मग पुढच्या घसरणीसाठी आणखी कारणं शोधावी लागतात. तिथे वांशिक संघर्ष समोर येतो: १९६९ पासून कृष्णवर्णीय रहिवाशांनी गोऱ्यांच्या दुकानांवर दीर्घ बहिष्कार टाकला होता. कामठीतही फक्त रेल्वेकडे बघून चालणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली लष्करी शिबंदी कमी केली गेली. शिवाय शहर म्हणजे फक्त व्यापारी नव्हेत. बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी संघटित केलेले विडी कामगार याच गावचे. व्यापाराच्या आकड्यांत ते दिसत नाहीत.

३. शेजारी कोण आहे?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा फरक. नागपूरने कामठीचा व्यापार नेला, पण २०११ च्या जनगणनेत कामठी नगर परिषदेची लोकसंख्या ८६,७९३ होती. केरोजवळ असं महानगर नाही. सेंट लुईस दोनशे किलोमीटरहून लांब आहे. जे शेजारपण एका काळात नुकसानीचं ठरलं, तेच पुढे आधार झालं का? हा अजून निष्कर्ष नाही, तपासण्याजोगं गृहीतक आहे.

तपासताना एक काळजी घ्या. आजची जनगणना कामठी नगर परिषद आणि छावणी परिषद वेगवेगळी मोजते. १९०१ चा आकडा २०११ शेजारी ठेवण्याआधी दोन्हीकडे हद्द कोणती धरली आहे, ते मूळ तक्त्यात बघा. नाहीतर वाढ शहराची न होता फक्त हद्दीची असू शकते.

आता शीर्षक पुन्हा लिहून पाहू: 'वाहतुकीतील बदलानंतर छोट्या व्यापारी शहरांची वाटचाल आणि महानगराचे अंतर: कामठी व केरो, १८६० ते १९२०'. यात नदी नाही, पण 'हीच दोन का' याचं उत्तर आहे: पार्श्वभूमी बरीच सारखी, शेजार वेगळा. तुमच्याही विषयातून दोन्ही ठिकाणांची नावं काढून बघा. मागे प्रश्न उरत नसेल, तर प्रस्ताव पाठवायची घाई करू नका.